रोमकरांस तेरावा अध्याय आणि मंडळीचा जमाखर्च

प्रभूमध्ये सलाम. तुमच्या युवक संघातल्या वादाच्या दोन्ही बाजू तुम्ही नीट मांडल्या आहेत. एक गट म्हणतो, मोशेच्या नियमशास्त्रात, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, देवानं राज्यकारभाराचा तयार नमुना दिलाय, तोच ख्रिस्ती लोकांनी देशापुढं ठेवावा. दुसरा म्हणतो, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रात, १३ व्या अध्यायात, सत्तेच्या अधीन राहा असं सरळ लिहिलंय, मग कायदा, हक्क, राजकारण यांत आपण पडायचंच कशाला? आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की मंडळीचा, म्हणजे चर्चचा, जमाखर्च विचारला की तिचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीतले वडीलही हाच तेरावा अध्याय ऐकवतात. मला तर सगळ्या पत्राचं मूळ त्या शेवटच्या ओळीत दिसतं. पण तिथं यायला आधी बराच मागं जाऊन येतो. जुना करार शिकवण्यात आणि मंडळ्यांचे वाद मिटवायला बसण्यात माझं आयुष्य गेलंय, त्यामुळं उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिल्या गटाला विचारा, नमुना नेमका कुठला घ्यायचा? एकाच शास्त्रात वंशांचे वडील कारभार पाहतात, मग शास्ते (न्याय आणि लढाई पाहणारे पुढारी) येतात, मग राजे. पुढं दानीएल बाबेलच्या (बॅबिलोनच्या) दरबारात चाकरी करतो, नहेम्या पारसाच्या राजाचा सुभेदार म्हणून यरुशलेमेत येतो आणि पौल रोमी नागरिक म्हणून वावरतो. यातल्या कुठल्याही एका पद्धतीला देवानं कायमचा शिक्का मारलेला नाही. राजेशाही तर लोकांच्या हट्टापायी आली. १ शमुवेल ८ मोठ्यानं वाचून पाहा. राजा तुमचे मुलगे घेईल, मुली घेईल, शेतं घेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल, असं संदेष्टा शमुवेल सांगत सुटतो. ‘घेईल, घेईल’ ऐकूनही लोक म्हणतात, आम्हाला राजा हवाच.

पद्धत बदलत राहिली तरी दोन गोष्टी बदलत नाहीत. सत्ता कोणाच्याही हाती असो, तिच्या डोक्यावर कायदा असतो. आणि कायदा नीट चाललाय की नाही हे सर्वांत खालच्या माणसाच्या दाराशी जाऊन पाहायचं असतं. शास्त्रातल्या कारभाराबद्दल मला जे सांगायचंय ते एवढंच, बाकी सगळा याचाच विस्तार.

पहिली गोष्ट अनुवाद या मोशेच्या पाचव्या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात आहे. राजानं फार घोडे बाळगू नयेत, फार बायका करू नयेत, सोनंरुपं साठवू नये. म्हणजे फौज, सोयरिकीतून जोडलेले परराज्यांशी संबंध आणि खजिना, या तिन्हींवर मर्यादा. त्यापुढचं कलम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. राजानं नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी, ती जन्मभर रोज वाचावी, आणि आपण भाऊबंदांपेक्षा उंच आहोत असं मनात आणू नये. याच्या शेजारी बाबेलच्या हम्मुराबीचा शिलालेख ठेवून पाहा. इसवी सनापूर्वी साधारण १७५० च्या सुमाराचा हा काळा दगड आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याच्या माथ्यावर राजा सूर्यदेवासमोर उभा आहे, आणि खालचे कायदे राजाच्या नावानं आहेत. मोशेच्या पाच पुस्तकांत मात्र दावीद किंवा शलमोन या राजांच्या नावावर एकही कायदा नाही. इस्राएलात राजानं कायदा करायचा नसून तो पाळायचा होता. शलमोनानं ती तिन्ही बंधनं मोडली, हे १ राजे १० आणि ११ मध्ये आकड्यांनिशी नोंदलंय: १२,००० घोडेस्वार, वर्षाला ६६६ किक्कार (हे तेव्हाचं मोठं वजन) सोनं, ७०० राण्या. तो गेल्यावर लोक त्याच्या मुलाकडं आले आणि म्हणाले, बापानं लादलेलं जू जरा हलकं करा. मुलानं उर्मट उत्तर दिलं आणि दहा वंश तुटून निघाले.

आता दुसरी गोष्ट. अनुवाद २४:१०–१३ मधला प्रसंग डोळ्यांपुढं आणा. कर्ज दिलेला माणूस गहाण वस्तू घ्यायला ऋणकोच्या घराशी आलाय. कायदा त्याला सांगतो, तू बाहेर उभा राहा, आत जाऊ नकोस. काय द्यायचं ते आतला माणूस स्वतः बाहेर आणून देईल. कर्ज खरं आहे, गहाणही कायदेशीर आहे, तरी सावकाराचं पाऊल उंबऱ्याबाहेरच थांबतं. गहाण म्हणून पांघरूण मिळालं असेल तर ते दिवस मावळायच्या आत परत द्यायचं, कारण गरिबाला रात्री अंगावर घ्यायला तेवढंच असतं. त्याच अध्यायात जात्याची तळी किंवा वरचा पाट गहाण घ्यायला मनाई आहे, कारण मग रोजचं दळण थांबतं आणि घर उपाशी राहतं. मजुराची मजुरीही त्याच दिवशी, सूर्यास्तापूर्वी द्यायची.

हे नियम नुसते कागदावर नव्हते हे दाखवणारा एक पुरावा जमिनीतून निघालाय. १९६० मध्ये इस्राएलच्या किनाऱ्यालगत, यावने-यामजवळच्या एका जुन्या किल्ल्यात शाईनं लिहिलेलं खापर सापडलं. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरचं, म्हणजे साधारण यहूदाच्या योशीया राजाच्या काळातलं. कापणीवरच्या एका मजुराचा तो अर्ज आहे, तिथल्या अधिकाऱ्याला उद्देशून. तो म्हणतो, मी ठरलेली कापणी केली, धान्य मोजून कोठारात भरलं, तरी शोबायचा मुलगा होशायाहू आला आणि माझं पांघरूण घेऊन गेला. उन्हात माझ्याबरोबर कापणी करणारे माझे सगळे भाऊ साक्ष देतील. माझा दोष नाही, माझं पांघरूण मला परत मिळवून द्या. अर्जदाराचं नाव त्यावर नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं मात्र बापाच्या नावासकट आहे. एक मजूर मुकादमाविरुद्ध वरच्या अधिकाऱ्याकडं दाद मागतो, साक्षीदार सांगतो आणि हक्कानं मागणी करतो. न्याय वेशीत बसतो म्हणतात तो असा. तुमच्या संघात हे खापर सगळ्यांना सांगा, कारण ‘अधीन राहा’ म्हणजे ‘तोंड उघडू नका’ असं त्या मजुराला वाटलेलं नव्हतं.

अशी बारीक कलमं पुष्कळ आहेत. गच्चीला कठडा बांधा, नाहीतर कोणी पडून मेला तर त्याचं रक्त तुमच्या घरावर (अनुवाद २२:८). शेताच्या कडा कापू नका, सरवा गरिबाला आणि उपऱ्याला सोडा (लेवीय १९). वजनमापं खरी ठेवा. आणि गरिबाचा एवढा कैवार घेणारं हेच शास्त्र निर्गम २३:३ मध्ये बजावतं की वादात गरीब आहे म्हणून त्याची बाजू उचलून धरू नका. दयेची जागा शेतात आणि उंबऱ्याशी आहे. निवाड्याच्या वेळी दोघांना एकच माप.

गुलामगिरीवर पहिल्या गटाला अडचणीचे प्रश्न येतील, म्हणून सांगतो. पळून आलेल्या गुलामाला आसरा देणाऱ्याला हम्मुराबीच्या कायद्यात मरणाची शिक्षा होती. अनुवाद २३:१५ म्हणतं, पळून आलेला दास धन्याच्या हवाली करू नका, त्याला आवडेल त्या गावी राहू द्या. अमेरिकेत १८५० साली पळालेल्या गुलामांना परत धरून देण्याचा कायदा झाला तेव्हा गुलामगिरीच्या विरोधकांनी हेच वचन पुढं केलं. आपल्याकडं नाशिकच्या शरणपूरला मिशननं गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांना सांभाळलं, शिकवलं. त्यांतला जेकब वेनराइट पुढं १८७४ मध्ये आफ्रिकेतला मिशनरी प्रवासी लिव्हिंगस्टन याच्या शवपेटीबरोबर लंडनला गेला. पण लेवीय २५:४४–४६ मध्ये परक्यांना दास म्हणून विकत घेण्याची मुभाही आहे, आणि अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांनी तीही वापरली. ती ओळ झाकून ठेवून चालणार नाही. येशूनं सूटपत्राबद्दल (बायकोला सोडचिठ्ठी देण्याबद्दल) सांगितलं की मोशेनं ती परवानगी तुमच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळं दिली (मत्तय १९:८). सगळी कलमं एकाच तोलाची नसतात, हे तिथं प्रभूनंच शिकवलंय.

वचनं जशीच्या तशी उचलून सरकारी कायदा करण्याचा प्रयोगही होऊन गेलाय. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या) वसाहतीनं १६४१ मध्ये कायद्यांची संहिता केली आणि देहदंडाच्या गुन्ह्यांपुढं शास्त्रातले संदर्भ दिले. त्या संहितेत काही चांगल्या गोष्टीही होत्या. पण वीस वर्षं व्हायच्या आतच त्याच वसाहतीनं क्वेकर पंथाच्या लोकांना केवळ श्रद्धेपायी बोस्टनमध्ये फासावर दिलं, १६६० मध्ये मेरी डायर या बाईला. त्या राज्यकर्त्यांना शास्त्राचे संदर्भ तोंडपाठ होते. सत्तेनं स्वतःवर घालून घ्यायची बंधनं मात्र त्यांनी वाचली नव्हती. भारतासारख्या देशात, जिथं आपण मूठभर आहोत, तिथं एका धर्माचं शास्त्र राज्यघटनेच्या जागी बसवायची भाषा आपण करू नये, हे माझं ठाम मत. मोजमाप म्हणून नियमशास्त्र वापरावं. कर्जबाजारी, उपरी, पोरका, विधवा यांच्या दाराशी कायदा कसा वागतो, हे कुठल्याही सरकारला विचारता येतं.

कायद्याचे सगळे सोपस्कार पाळूनही खून करता येतो, हे १ राजे २१ इतकं नेमकं दुसरीकडं कुठं सापडत नाही. इस्राएलचा राजा अहाब याला राजवाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा होता. तो चांगली किंमत द्यायला तयार होता, बदली मळाही द्यायला तयार होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी विकणार नाही. राजा रुसून अंथरुणावर पडला. हे लक्षात घेण्यासारखं आहे, कारण अहाबालाही ठाऊक होतं की आपण जमीन हिसकावू शकत नाही. पुढं त्याची राणी ईजबेल हिनं राजाच्या नावानं पत्रं लिहिली, त्यांवर राजाची मोहर केली आणि ती नाबोथाच्या गावच्या वडिलांना पाठवली. उपास जाहीर करा, नाबोथाला पुढं बसवा, दोन अधम माणसं समोर बसवा, त्यांनी देवनिंदेची साक्ष द्यावी, मग बाहेर नेऊन धोंडमार करा. दोन साक्षीदार हवेत ही अट पूर्ण झाली, शिक्षा गावाबाहेर झाली, कागदोपत्री खोट काढायला जागा नाही. त्या गावच्या वडिलांतला एकही उठून म्हणाला नाही की या दोघांना जरा उलटे प्रश्न विचारू. अनुवाद १९:१८ मध्ये ‘कसून चौकशी करा’ असं लिहिलेलं असताना. संदेष्टा एलीया मळ्यातच अहाबाला गाठतो आणि विचारतो, खून करून वतनही घेतलंस ना? राजाच्या तोंडावर हे बोलणारा माणूस शास्त्रात परमेश्वराचा सेवक ठरतो, राजद्रोही ठरत नाही.

आता दुसऱ्या गटाचं रोमकरांस १३. हा अध्याय बाराव्याच्या शेपटाला धरून वाचायचा. तिथं पौल म्हणतो, सूड तुम्ही उगवू नका, तो देवावर सोडा. लगेच पुढं सांगतो की वाईट करणाऱ्याला शिक्षा करायला देवानं अधिकारी नेमलाय, आणि तो देवाचा सेवक आहे. म्हणजे आपण हातात काठी घ्यायची नाही, आणि अधिकाऱ्याला काम ठरवून दिलंय: चांगल्याला संरक्षण, वाइटाला जरब. सेवक म्हटलं की त्याच्या कामाचा जाब मागणारा धनीही आला. ज्यानं हे लिहिलं तो स्वतः कसा वागला? फिलिप्पै इथं त्याला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप निघून जा म्हणून निरोप पाठवला. पौल अडून बसला. आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता चारचौघांत मारलंत, आता स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढा. अधिकारी घाबरून आले आणि विनवण्या करू लागले (प्रेषितांची कृत्ये १६). पुढं यरुशलेमेत फटक्यांसाठी आवळून बांधत असताना त्यानं शताधिपतीला विचारलं, हे कायदेशीर आहे का? आणि रोमी सुभेदार फेस्त याच्यासमोर त्यानं कैसराकडं, म्हणजे रोमी सम्राटाकडं, दाद मागितली. कायद्यानं दिलेला हक्क वापरणं त्याला अधीनतेच्या विरुद्ध वाटत नव्हतं. सत्ता देवाच्या आज्ञेआड आली तर काय, याचं उत्तर प्रेषित पेत्रानं यहूद्यांच्या न्यायसभेसमोर दिलंय: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी वर्णद्वेषी सरकारविरुद्ध कैरोस निवेदन काढलं, तेव्हा त्यांचाही एक मुख्य आक्षेप हाच होता की सरकार आणि त्याचे पाठीराखे रोमकरांस १३ अर्धवट वापरतात.

इथून तुमच्या पास्टोरेट कमिटीकडं येतो. पहिली गोष्ट, तो अध्याय तलवार धारण करणाऱ्या सरकारबद्दल आहे. मंडळीच्या वडिलांच्या हाती तलवार दिलेली नाही. त्यांच्यासाठीची वचनं वेगळी आहेत. मार्क १०:४२–४३ सांगतं, परराष्ट्रीयांचे अधिकारी लोकांवर धनीपण गाजवतात, तुमच्यात तसं नसावं. १ पेत्र ५:३ सांगतं, कळपावर धनीपण करणारे होऊ नका. पैशाबद्दल तर २ करिंथकरांस ८:२०–२१ इतकं उघड आहे की ते वार्षिक सभेत वाचूनच दाखवा. यरुशलेमेच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी पौल एकट्यानं नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो, कोणी बोट दाखवू नये म्हणून, आणि जे योग्य ते प्रभूच्या दृष्टीनंच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनंही व्हावं म्हणून. शमुवेलानं निवृत्त होताना सगळ्या लोकांपुढं उभं राहून विचारलं, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं, कोणाकडून लाच घेतली, आत्ता सांगा, मी भरून देतो. हा माणूस संदेष्टा होता आणि त्याला कोणी हिशेब मागितलाही नव्हता.

तुमच्या वडिलांपैकी कोणी जाणकार असेल तर तो २ राजे १२:१५ काढील, हे आधीच सांगून ठेवतो. तिथं म्हटलंय की मंदिराच्या दुरुस्तीचे पैसे ज्यांच्या हाती दिले त्यांच्याकडून हिशेब घेत नसत, कारण ते इमानानं वागत. हे वचन मी भर सभेत ऐकलेलं आहे. तेव्हा शांतपणे त्याच अध्यायाच्या सुरुवातीला जा. योवाश राजानं याजकांना सांगितलं होतं की येणाऱ्या पैशातून मंदिराची पडझड दुरुस्त करा. राज्याचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी दुरुस्ती नाही. मग राजानं त्यांच्याकडचा पैसा बंद केला. झाकणाला भोक पाडलेली एक पेटी वेदीजवळ ठेवली गेली, द्वारपाळ याजक पैसे तिच्यातच टाकत. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून पैसे मोजून थैल्यांत बांधत, आणि मगच ते कामावरच्या देखरेख्यांना दिले जात. म्हणजे हिशेबातून सूट मिळाली ती सुतारगवंड्यांची मजुरी चुकती करणाऱ्यांना, तीही पैसे दोन वेगवेगळ्या हातांनी मोजून झाल्यावर. धर्मपुढाऱ्यांना ती सूट नव्हती. उलट त्यांच्यामुळंच पेटी आली.

दुसरी गोष्ट जरा गमतीची आहे. वडिलांना रोमकरांस १३ लावायचंच असेल तर ते त्यांनाच आधी लागतं. तुमची मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० तिला लागू आहे. हिशेब ठेवणं, ते तपासून घेणं, विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल अर्ज देणं, स्थावर मालमत्ता विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घेणं, ही सगळी त्या ‘सत्तेची’ आज्ञा आहे. ऑडिट मागणारा तरुण बंडखोर आणि ऑडिट न करणारा वडील आज्ञाधारक, हे गणित माझ्या डोक्यात बसत नाही.

१ करिंथकरांस ६ दाखवून कोणी म्हणेल की विश्वासणाऱ्यानं विश्वासणाऱ्याविरुद्ध न्यायालयात जाऊ नये. बरोबर आहे, आणि मीही तुम्हाला आधी तिथं जा म्हणणार नाही. मंडळ्यांचे खटले पिढ्यान्‌पिढ्या चालतात आणि दानार्पणाचा पैसा वकिलांच्या फीत जातो, हे मी पाहतो आहे. पण त्या अध्यायातला पौलाचा राग नीट वाचा. तो विचारतो, भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही काय? म्हणजे ठपका आधी मंडळीवर आहे, तिनं वाद ऐकायची जागाच ठेवलेली नाही म्हणून. प्रे. कृत्ये ६ मध्ये जागा होती. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं अशी कुरकुर आली. प्रेषितांनी कोणाला गप्प बसवलं नाही, लोकांनाच सात माणसं निवडायला सांगितली. त्या सातांची नावं पाहा, सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप गेलं.

तुम्ही काय करावं? आधी दोघंतिघं पाळकसाहेबांना आणि खजिनदारांना घरी जाऊन भेटा, मत्तय १८ ची पहिली पायरी (आधी खाजगीत बोला) म्हणून. चोरी झाली असं तोंडातून काढू नका. वडिलांवर दोनतीन साक्षीदारांशिवाय आरोप घेऊ नये असं १ तीमथ्य ५:१९ सांगतं, आणि तुमच्याकडं आज पुरावा नाही, फक्त प्रश्न आहेत. (पुढचं विसावं वचन दोषी ठरलेल्याला सर्वांदेखत दोष द्यायला सांगतं, पण ती पुढची पायरी.) व्हॉट्सॲप गटावर एक अक्षर टाकू नका. निर्गम २३:१ खोटी अफवा पसरवू नका म्हणतं, आणि अर्धवट माहिती गटावर गेली की तिची अफवा व्हायला संध्याकाळ लागत नाही. भेटीत भागलं नाही तर लेखी अर्ज द्या, सभासदांच्या सह्यांनिशी, पोच घेऊन. अर्जात तीनच गोष्टी विचारा: मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, उपकारस्तुतीच्या सणाच्या दानाचा वेगळा जमाखर्च, आणि मंडळीच्या जागेच्या भाड्याचे करार. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्या, अशी विनंतीही त्यातच करा.

सभेपर्यंत उत्तर आलं नाही, तर न्यासाचा नोंदणी क्रमांक घेऊन जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात जा आणि तिथं दाखल झालेल्या हिशेबपत्रकांच्या प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करा. यात कोणावर खटला होत नाही. प्रती मिळाल्या तर त्या आधी कमिटीपुढं ठेवा, सभेत नंतर. आणि तिथं काहीच दाखल झालेलं नाही असं कळलं, तर मला पुन्हा लिहा. मग पुढचा अर्ज कसा करायचा ते सांगतो.